रोजची भाकर, आजचीच का?

ताई, ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे’ (मत्तय ६:११) या येशूनं शिकवलेल्या प्रार्थनेत उद्याचं का मागत नाही, असं तुम्ही विचारलंत. मला बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाचा १६वा अध्याय आठवतो. रानात इस्राएली लोकांनी मान्ना (देवानं आकाशातून दिलेलं अन्न) रोज सकाळी वेचायचा. काहींनी दुसऱ्या दिवसासाठी राखला, तर त्यात किडे पडले. (शब्बाथाच्या, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी मात्र दुप्पट वेचायचा.)

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी आमच्या घरात शिरलं, वर्षाची भरलेली ज्वारी भिजून आंबली. शाळेत मुक्काम होता. कुठल्याशा गावानं फडक्यात बांधून भाकरी अन् शेंगदाण्याची चटणी पाठवली होती. आई प्रार्थना म्हणताना ‘आम्हांस’ या शब्दावर थांबली. मग शेजारच्या म्हातारीला तिनं आपली अर्धी भाकर दिली.