चौमहल्ला वऱ्हाडी माणसानं हौसेनं पाहावा की रागानं?

पऱ्हाटीवाला (रिसोड)
तूर विकली, हाती थोडे पैसे होते, म्हणून आईला हैदराबाद दाखवून आणलं. वाशीमहून गाडी धरली, काचीगुड्याला उतरलो. चारमिनार सगळेच पाहतात, मी बोलतोय चौमहल्ल्याबद्दल. निजामांच्या या राजवाड्याचं काम 1750 च्या सुमारास सुरू झालं ते पुढं शंभर वर्षं चाललंच. आत शिरलं की मोठा हौद, कारंजी, हिरवळ आणि समोर खिलवत मुबारक, म्हणजे दरबार. तिथं बेल्जियमच्या काचेची 19 झुंबरं. आई मान वर करून बराच वेळ उभी राहिली. मला वाटलं, भारावली. तर म्हणते, "याची धूळ कोण पुसत असंन रे?"

माझं म्हणणं एवढंच की 1853 पर्यंत वऱ्हाड निजामाचं होतं. त्या थाटात आपल्या पणज्यांचा शेतसारा आहे. म्हणून हक्कानं जाऊन पाहावं.

काटेपूर्णा
हक्कानं म्हणे! हक्काच्या घरी कोणी तिकीट काढून जाते का बाप्पा? पणज्याले लुटलं, अन् पणतू पैसे देऊन पाहाले चालला. वरतून झुंबराखाली सेल्फी. मले नाई जमत.

रिटायर गुरुजी
राग धरा, पण हिशेब नीट मांडा. 1803 मध्ये इंग्रजांशी झालेल्या देवगावच्या तहापर्यंत नागपूरकर भोसलेही वऱ्हाडातून वसूल नेत. एका शेताचे दोन धनी. भोसल्यांवर कोणी चिडलेलं मी तरी पाहिलं नाही. 1853 मध्ये, निजामाच्या पैशानं इंग्रज चालवत त्या कंटिंजंट फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी इंग्रजांनी वऱ्हाड आपल्या ताब्यात घेतलं. चौमहल्ला पुरा झाला तो त्यानंतर, पाचवे निजाम अफजलउद्दौला यांच्या काळात. म्हणजे सगळीच झुंबरं आपल्या खात्यावर टाकता येत नाहीत.

हां, 1902 चा करार मात्र ऐका. वऱ्हाड इंग्रजांना कायमच्या पट्ट्यानं दिलं, बदल्यात निजामाला वर्षाला 25 लाख रुपये. राबणारे आपण, मक्तेदार इंग्रज, मालक हैदराबादेत. 1936 नंतर तर तिकडच्या युवराजाचा किताबच 'प्रिन्स ऑफ बेरार', म्हणजे वऱ्हाडचा राजपुत्र, होता. इकडं शेतात त्याचा पत्ता नाही!

वाशीमची सून
तुम्ही तर सातबाराच काढून बसले. मी मागच्या वर्षी गेलती. झुंबरं, चिनी मातीची भांडी, जुन्या मोटारी पाहून घेतल्या अन् मग तासभर झाडाच्या सावलीत हौदाकडं पाहत बसली. आमच्याकडं बाग म्हणजे संत्र्याची. पाणी द्या, फवारा, गळ झाली की रडा. ज्या बागेत आपल्याले काहीच काम नाही अशी बाग मी जन्मात पहिल्यांदा पाहिली. राजा कोण होता त्याच्याशी मले काय करायचं? तिकीट वसूल.

काटेपूर्णा
ताई, तुमचं पटलं. पण भाऊंना इतिहासच पाहाचा असंन तर एवढ्या दूर कायले? 1724 मध्ये निजामानं मोगलांच्या सुभेदाराले, मुबारिजखानाले, जिथं हरवलं अन् मंग हैदराबादचं राज्य उभं केलं, ते साखरखेर्डा आपल्या बुलढाणा जिल्ह्यातलं. किती जण गेले, हात वर करा. लखुजीराव जाधवांचा वाडा सिंदखेडराजाले. 12 जानेवारीले, जिजाऊ जयंतीले, तिथं पाय ठेवाले जागा नसते, 13 तारखेले जाऊन पाहा कोण असते ते.

रिटायर गुरुजी
हात वर नाही. साखरखेर्ड्यावरून एसटीनं गेलो आहे, उतरलो नाही. मास्तर असून ही गत.

पऱ्हाटीवाला (रिसोड)
साखरखेर्ड्याचं मला ठाऊक नव्हतं, कबूल. तरी दादा, आपण रुसून बसल्यानं निजामाचं काय अडतं? वाडा पडू दिला असता तर आईला धूळ तरी कुठं दिसली असती? नीट दुरुस्त केला, 2010 मध्ये त्याबद्दल युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. आपले वाडे असे कोणी राखले तर मी तिथंही तिकीट काढीन, आणि खुशीनं.

सोयाबीन सोंगून झालं की साखरखेर्डा अन् सिंदखेडराजा एका दिवसात करू, मोटरसायकलवर. आईला विचारलं येतेस का. ती म्हणे, "तिथं सावलीत बसाले जागा हाय का ते पहिले इचार."