गोव्याचे बांधकाम नियम सुधारताना ऊर्जा संहितेतील काय घ्यावे?

फोंडेकर
फोंडा येथे ६०० चौरस मीटरच्या भूखंडावर आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या नव्या इमारतीचे नकाशे तयार होत आहेत. ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवरील निवासी इमारतींसाठी केंद्राने २०१८ मध्येच ‘इको निवास संहिता’ आणली. राज्याचे बांधकाम नियम मात्र मुळात २०१० चे आहेत. ते सुधारताना आपल्या दमट हवेत या संहितेतील कोणत्या तरतुदी खरोखर उपयोगी पडतील, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

वास्तुविशारद, डिचोली
स्थानिक हवामान पाहून संहितेत बदल करण्याचा अधिकार ऊर्जा संवर्धन कायदा, २००१ ने राज्याला दिलेला आहे, त्यामुळे हा विचार आताच व्हायला हवा. माझ्या मते सर्वांत मोलाची तरतूद खिडक्यांची आहे. उष्ण-दमट प्रदेशात उघडता येणारे क्षेत्र चटईक्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के असावे, असे संहिता सांगते. म्हणजे ६० चौरस मीटरच्या सदनिकेला बाल्कनीची दारे धरून १० चौरस मीटर. दोन झडपांची सरकती खिडकी निम्मीच उघडत असल्याने तशा खिडक्यांनी हे गणित साधायला २० चौरस मीटर लागतील, तर बिजागरीच्या खिडकीचे ९० टक्के क्षेत्र धरले जात असल्याने सव्वाअकरा पुरतील. आपल्याकडे तर सरसकट सरकत्या ॲल्युमिनियमच्याच खिडक्या बसवतात! शिवाय पावसाची तिरपी सर आत येऊ लागली की त्याही लावून घ्याव्या लागतात, म्हणून खोल छज्जा नियमातच सक्तीचा करावा.

स्थापत्य अभियंता, मडगाव
वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांसाठी छपराची तरतूदही तितकीच महत्त्वाची आहे. छपरातून उष्णता आत येण्याचे प्रमाण, म्हणजे यू-मूल्य, १.२ पेक्षा जास्त नसावे, अशी मर्यादा आहे. नुसत्या काँक्रीट स्लॅबचे ते जवळजवळ तिप्पट भरते. गळती थांबवण्यासाठी आपण स्लॅबवर पत्रे घालतो, त्याने सावली मिळते हे खरे. पण मधली हवा खेळती नसेल तर तापलेल्या पत्र्याची धग स्लॅबमध्ये उतरतेच, म्हणून उष्णतारोधक थर टाळू नये.

फोंडेकर
मनापासून आभार. खिडक्यांचा तपशील बदलून घेण्याचा आग्रह मी पुढच्या सभेत धरीन. पण याची तपासणी कोणत्या टप्प्यावर व्हावी?

वास्तुविशारद, डिचोली
नगरनियोजन खात्याच्या तांत्रिक मंजुरीच्या वेळी आकडेमोड नकाशासोबत घ्यावी आणि भोगवटा दाखल्यापूर्वी जागेवर जाऊन ती पडताळावी. नकाशात बिजागरीची दाखवलेली खिडकी प्रत्यक्षात सरकती बसते, हे कागदावरून कधीच कळत नाही.