वाङ्मय मंडळाच्या बैठका आणि मातृभाषा दिनाचा कार्यक्रम ऑनलाइन कसा घ्यावा? (सोलापूर)

भित्तिपत्रक_सोलापूर यांचा प्रश्न:

नमस्कार. मी सोलापुरात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. यंदा कॉलेजच्या वाङ्मय मंडळाची सचिव आहे. मंडळात तीसेक जण आहेत. त्यातले निम्मे अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढा, वळसंग अशा ठिकाणांहून रोज एसटीने ये-जा करतात. शेवटचा तास सुटला की पासाची गाडी गाठायला पळतात. शहराच्या पूर्व भागातले काही जण दुपारनंतर शिलाईच्या नाहीतर मागाच्या कामाला जातात. त्यामुळे कॉलेजात सगळे एकत्र भेटतील अशी वेळच सापडत नाही आणि बैठका रात्री ऑनलाइन घ्याव्या लागतात.

बैठकीला दहा-बाराजण येतात, तिघे-चौघे बोलतात, बाकीचे गप्प. ४० मिनिटं झाली की बोलता बोलता कॉल बंद पडतो, मग नवीन लिंक टाका, परत सगळ्यांना गोळा करा. तोवर निम्मे झोपलेले असतात.

२१ फेब्रुवारीला जागतिक मातृभाषा दिन आहे. त्या दिवशी मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चारही भाषांतलं कवितावाचन करायचं आमच्या मनात आहे. परीक्षांमुळे सभागृह मिळणार नाही, म्हणून तेही ऑनलाइनच. कोणतं ॲप घ्यावं, मुलांना बोलतं कसं करावं, आणि एवढा कार्यक्रम बिघाड न होता कसा पार पाडावा? कोणी असं काम केलं असेल तर नक्की सांगा.

---

होटगीरोड_नेटवाला यांचं उत्तर:

ॲपचं सांगतो, बाकीचं जाणकार सांगतील. झूमचं फुकट खातं ४० मिनिटांनी बंद होतं, तुमचं तेच होतंय. गुगल मीटच्या साध्या खात्यावर तिघांपेक्षा जास्त किंवा तिघे असले तर ६० मिनिटं मिळतात. तुमच्या कॉलेजकडे गुगलचं शिक्षणासाठीचं खातं असेल तर सरांना त्यातून मीटिंग बनवायला सांगा, तिथे तासाची मर्यादा नाही आणि १०० जण बसतात. जित्सीला वेळेचं बंधन नाही, पण २०२३ पासून मीटिंग सुरू करणाऱ्याला लॉगिन करावं लागतं. नुसतं पंधरा-वीस जणांत बोलायचं असेल तर व्हॉट्सॲप कॉलवरही ३२ जण चालतात.

कार्यक्रम यूट्यूबवर लाइव्ह दाखवणार असाल तर चॅनलवर लाइव्हची परवानगी आठवडाभर आधीच घेऊन ठेवा. पहिल्यांदा ती सुरू व्हायला २४ तासांपर्यंत लागतात. मोबाइलवरून लाइव्ह करायला किमान ५० सबस्क्रायबर लागतात, लॅपटॉपच्या वेबकॅमवरून केलं तर ती अट नाही.

---

मंगळवेढ्याची_ताई यांचं उत्तर:

कॉलेजं बंद होती त्या २०२०-२१ च्या काळात आमच्या मंडळाचं काम माझ्याकडे होतं. आता मी बार्शी तालुक्यात शिकवते आणि विद्यार्थी मंडळ अजूनही सांभाळते. विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

बैठक म्हणजे सगळ्यांनी एकाच वेळी एका पडद्यावर असणं, ही समजूत आधी बाजूला ठेव. मंडळाच्या निम्म्या कामाला बैठक लागतच नाही. भित्तिपत्रकाचा विषय कोणता, कार्यक्रम किती वाजता, सूत्रसंचालन कोणाकडे, हे व्हॉट्सॲपवर मतदान टाकून ठरव आणि दोन दिवस मुदत दे. मोहोळच्या गाडीत उभा असलेला मुलगाही तिथून मत देतो. कविता निवडायच्या असतील तर प्रत्येकाकडून व्हॉइस नोट मागव. ती पहाटे ऐका, दळण आणायला जाताना ऐका, त्यावर मत लिहा. समोरासमोर कधी तोंड न उघडणाऱ्या मुली व्हॉइस नोटवर किती नेटकं बोलतात ते तू बघशीलच.

मग बैठकीला उरतं फक्त अडलेलं. आमच्याकडे बैठकीच्या दिवशी सकाळी तीन ओळींचा निरोप जातो: काय ठरलं, काय अडलंय, आणि कोणाकडून काय हवंय. तिसऱ्या ओळीत नावं असतात. आपलं नाव वाचलेला मुलगा बैठकीला येतो. ‘सर्वांनी उपस्थित राहावे’ वाचून कोणीच हलत नाही.

बैठक आवाजावरच चालव, कॅमेरे बंद ठेव. बहुतेक मुलांचा पॅक दिवसाला दीड जीबीचा असतो आणि तो बऱ्याचदा भावंडांतही वाटून वापरला जातो. तासभर व्हिडिओ चालला की त्यातला मोठा वाटा संपतो, नुसत्या आवाजाला शंभर एमबीसुद्धा लागत नाही. पण डेटापेक्षाही मोठं कारण घराचं आहे. एका खोलीत पाचजण राहतात, मागे आई विड्या वळत बसलेली असते, शेजारी मागाची खटखट चालू असते. त्या मुलीला कॅमेरा लावायला सांगणं म्हणजे तिला घर दाखवायला सांगणं. तुमच्या सरांनी कॅमेऱ्याचा आग्रह धरला तर मान ठेवून पण स्पष्ट सांग: हजेरी आम्ही नाव घेऊन घेतो.

आता बोलण्याचा क्रम. ज्यांचं नेटवर्क सगळ्यात कच्चं, ते सगळ्यांत आधी बोलणार. वळसंगकडची मुलगी गच्चीवर उभी राहून जोडली जाते, पाचव्या मिनिटाला तिचा आवाज तुटू शकतो, तिला विसाव्या मिनिटापर्यंत ताटकळत ठेवायचं नाही. वाय-फायवाले, शहरातल्या जुळे सोलापूर भागातले शेवटी. मध्येच आवाज गेला तर तिने उरलेलं लिहून टाकायचं आणि ते मोठ्याने वाचून दाखवणारा एकजण आधीच नेमलेला असावा. हे एवढं केलं तरी बैठकीचा नूर पालटतो, कारण एरवी ज्यांची लाइन चांगली त्यांचंच मंडळ होऊन बसतं आणि मला तो सरळ अन्याय वाटतो.

‘कुणाला काही बोलायचंय का?’ असं ऑनलाइन विचारू नकोस. वर्गात नजर फिरवली की कोणाच्या ओठांवर आलंय ते दिसतं, इथे ते दिसत नाही. नाव घे आणि नेमकं विचार: ‘सादिया, उर्दूच्या दोन नज्मांपैकी कोणती आधी ठेवू या?’ उत्तर येतंच.

वेळ साडेनऊची ठेव. आठ-साडेआठला मुलींच्या हाती घरातला स्वयंपाक असतो. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, दिवसांत बैठक धरूच नका, मुलं नंदीध्वजांच्या मिरवणुकीत असतात आणि त्यांनी तिथेच असावं. आषाढीच्या आठवड्यात पंढरपूरकडच्या मुलांना मोकळं सोडा. इतिवृत्त मात्र त्याच रात्री गटात पडलं पाहिजे, पाच-सहा ओळी पुरतात, पण कोण काय करणार हे त्यात नावानिशी हवं.

कार्यक्रमाबद्दल. १९५२ मध्ये २१ फेब्रुवारीला ढाक्यात बांगला भाषेसाठी उतरलेल्या विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला, त्यात जीव गेले. त्या दिवसाच्या स्मरणार्थ युनेस्कोने १९९९ मध्ये हा दिवस जाहीर केला. म्हणजे हा दिवस मुळात विद्यार्थ्यांचा. सोलापूरसारख्या गावात, जिथे एकाच वर्गात घरी तेलुगू, कन्नड, उर्दू आणि मराठी बोलणारी पोरं शेजारी शेजारी बसतात, तिथे तर तो आपल्या हक्काचा आहे. म्हणून माझं कळकळीचं सांगणं, पाहुण्यांचं तासाभराचं भाषण ठेवू नका. दहा-बारा मुलं, प्रत्येकी दोन-तीन मिनिटं, सगळं मिळून पाऊण तास.

प्रत्येक वाचणाऱ्याकडून आठवडाभर आधी त्याच्या आवाजातलं रेकॉर्डिंग मागवून ठेव. त्या दिवशी तो थेटच वाचेल, पण वीज गेली किंवा आवाज तुटला तर अर्ध्या मिनिटात रेकॉर्डिंग लावायचं आणि कार्यक्रम पुढे न्यायचा. रेकॉर्डिंग लावताना स्क्रीन शेअरमध्ये आवाजाच्या खुणेवर टिक केलेली आहे ना ते बघ. नाहीतर चित्र सगळ्यांना दिसतं आणि ऐकू कोणालाच येत नाही. संचालन करणाऱ्याने लॅपटॉप आणि मोबाइल दोन्हींवरून आत असावं, एक बंद पडला तर दुसरा हाताशी. मात्र दोन्हींपैकी एकाचा माइक आणि स्पीकर बंदच हवा, नाहीतर आवाज किंचाळतो.

रंगीत तालीम आदल्या दिवशी त्याच वेळेला घ्या, त्याच फोनवरून, त्याच जागी बसून. दुपारी कॉलेजच्या वाय-फायवर केलेली तालीम रात्रीच्या गच्चीला उपयोगी पडत नाही.

---

भित्तिपत्रक_सोलापूर:

ताई, मनापासून आभार. नेटवर्क कच्चं असलेले आधी, हे आमच्या कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. उद्याच्या बैठकीपासून क्रम तसाच लावते. आणखी दोन गोष्टी विचारते. सुरुवातीला चौघींनी मिळून एक कन्नड वचन (शरणांची छोटी भक्तिरचना) म्हणायचं ठरलंय, सोबत पेटी आहे, पण झूमवर करून बघितलं तर पेटीचा आवाज मध्येच नाहीसा होतो आणि चौघी मागेपुढे होतात. दुसरं, कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग यूट्यूबवर कायमचं ठेवावं का? दोन मुलींच्या घरून त्याला नाखुशी आहे.

---

पेटीवाला_अक्कलकोट यांचं उत्तर:

पेटीचं कारण सोपं आहे. झूम मागचा गोंगाट दाबतं आणि पेटीचा लांबलेला सूर त्याला पंख्याच्या घरघरीसारखा गोंगाटच वाटतो. सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल साउंड’ नावाची सोय आहे, गाताना ती सुरू करा, बोलताना परत बंद. आणि चार घरांतून एकत्र गाणं जमणारच नाही, आवाज पोचायला प्रत्येकीकडे थोडा थोडा उशीर लागतो, ताल धरताच येत नाही. चौघींना एका घरी बसवा, एकच फोन मध्ये ठेवा, पेटी फोनपासून चार हात लांब आणि गाणाऱ्या जवळ.

---

मंगळवेढ्याची_ताई:

रेकॉर्डिंगचं मुलींच्या मर्जीवर सोड, आणि प्रत्येकीला एकटीला विचार, गटात नको. गटात विचारलं की नको म्हणायचा धीर होत नाही. ज्या नको म्हणतील त्यांचं वाचन त्या दिवशी सगळे ऐकतील, पण यूट्यूबवर टाकण्याच्या प्रतीतून ते काढायचं. नंतर कधीही कोणी ‘माझं काढा’ म्हटलं तरी काढायचं, हे आधीच लिहून दे. घरच्यांशी बोलायला लागलं तर मंडळाच्या प्राध्यापक मॅडमना फोन करायला सांग, मुलीवर टाकू नकोस.

मीटिंगची लिंक कुठल्याही मोठ्या सार्वजनिक गटात टाकू नका. बाहेरच्यांना यूट्यूबची लिंक द्या. आत कोणाला घ्यायचं ते वेटिंग रूममधून नाव बघून ठरवा आणि स्क्रीन शेअरचा अधिकार फक्त संचालकाकडे ठेवा. अनोळखी माणूस आत शिरून घाणेरडं काही दाखवतो, असे प्रकार २०२० पासून ठिकठिकाणी झालेत. एखाद्या मुलीच्या पहिल्या कवितेच्या वेळी असं घडलं तर ती परत कधी वाचायला उभी राहणार नाही.

---

अशोकचौक_तेलुगू यांचं उत्तर:

कविता चालू असताना तिचे शब्द पडद्यावर दाखवा, डावीकडे मूळ लिपी, उजवीकडे मराठी अर्थ. आमच्या पूर्व भागातल्या कितीतरी पोरांना तेलुगू बोलता येतं पण वाचता येत नाही, त्यांनाही ते बघून लई बरं वाटेल.

मजकूर युनिकोडमध्येच मागवा. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेलं दुसऱ्याच्या लॅपटॉपवर भलतंच उमटतं. कन्नड आणि तेलुगू लिपी दिसायला जवळच्या आहेत, न वाचता येणाऱ्याकडून पानांची अदलाबदल होते, म्हणून फाइलच्या नावात भाषा आणि वाचणाऱ्याचं नाव मराठीत लिहा. उर्दूचं पान पीडीएफ करूनच घ्या, उजवीकडून डावीकडे जाणारी ओळ दुसरीकडे चिकटवताना विस्कटते. तेलुगू पानं तपासायला कोणी नसेल तर मला इथेच कळवा, मी दोन दिवसांत वाचून देतो.