'झोप पुढे नेणे' की 'अलीकडे आणणे'?

सांजवात: नैराश्याच्या रुग्णांसाठी माहितीपत्रक मराठीत करतेय. उपचार तिहेरी आहे. एक रात्र पूर्ण जागायचं. पुढच्या तीन रात्री झोप संध्याकाळी ६ ते १, मग ८ ते ३, मग १० ते ५. शिवाय रोज सकाळी १०,००० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) दिव्यासमोर अर्धा तास. 'फेज ॲडव्हान्स'ला, म्हणजे झोपेची वेळ नेहमीपेक्षा आधी आणण्याला, आधीच्या मसुद्यात 'झोप पुढे नेणे' म्हटलंय. खटकतंय.

उंबरठा: खटकायलाच हवं, अर्थ उलटा होतोय! 'परीक्षा पुढे गेली' म्हणजे लांबली. रुग्ण ६ ऐवजी मध्यरात्री निजेल. जागून नैराश्याला पडलेला उतार बहुतेकदा पहिल्याच झोपेनंतर ओसरतो, तो टिकावा म्हणून तर वेळ बदलायची. लग्नाची तारीख 'अलीकडे घेतली' म्हणतो, तसं 'झोप अलीकडे घेणे'.

पाणकावळा: पण घड्याळ 'पुढे' असतं ना? शरीराचं घड्याळ पुढे केलं की झोप अलीकडे येते. 'पुढे'वाल्याच्या डोक्यात घड्याळ होतं.

उंबरठा: असेल. रुग्ण घड्याळाचा विचार करत नाही. 'लवकर निजणे' लिहा आणि तास छापा.

वेशीवरचा: पहिल्या रात्रीला काय म्हणताय? 'निद्रावंचन' नको. वंचना म्हणजे फसवणूक. 'जागरण' आहे की घरचा शब्द. कोजागरीही 'को जागर्ति'तूनच आली.

पाणकावळा: जागरण केलेला माणूस पहाटे तासभर आडवा होतोच, तरी 'जागरण झालं' म्हणतो. इथे डुलकीनेही परिणाम जाऊ शकतो. 'डोळ्याला डोळा न लावता' असंच लिहा, दुसऱ्या दिवसाची दुपारही त्यात धरा. एकूण सुमारे ३६ तास होतात.

वेशीवरचा: मग 'जागरण' लिहून खाली अट घाला. घरचा शब्द सोडून वर्णनं कशाला?

सांजवात: 'मेनिया'ला 'उन्माद' ठेवू? द्विध्रुवी (बायपोलर) आजारात, जिथे मन कधी खचतं, कधी अति उसळतं, तो उसळू शकतो. इटलीत मिलानच्या सान राफाएले रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ बेनेदेत्तींनी ही पद्धत लिथियम या मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या औषधाच्या जोडीने वापरली.

उंबरठा: 'उन्माद' लोकांना आरडाओरडा वाटतो. 'झोप कमी होऊनही थकवा नाही, बोलणं थांबत नाही, खर्च सुटलाय' ही लक्षणं लिहा. फिट येणाऱ्यांसाठी इशारा पहिल्या पानावर हवा. जागण्याने फिट येऊ शकते.

वेशीवरचा: आणि 'प्रकाशोपचार' कशाला? 'उजेड' म्हणा.

पाणकावळा: उजेड खोलीतही असतो, पण तो काहीशे लक्सच. 'दिव्यासमोर बसणे' म्हणा. उत्पादकाने दिलेलं अंतर राखायचं, डोळे उघडे ठेवायचे, दिव्याकडे टक लावायची नाही.

वेशीवरचा: पण 'उजेड' शब्दात वाईट काय आहे?