आरव्हीएनएल ६०० च्या वर: महाग झालाय की आपणच उशिरा जागे झालो?

आधी_नफा (जुलै २०२४)

रेल विकास निगमचा (आरव्हीएनएल) शेअर परवा, १५ जुलैला, ६४७ पर्यंत जाऊन आला. मार्च २०२३ अखेर तो सत्तरच्या आत होता. काल टपरीवर चहा घेताना ऑफिसातल्या तिघांनी विचारलं, "घेऊ का?" तिघांपैकी एकालाही कंपनी नेमकं काय करते ते माहीत नव्हतं, एक जण तर तिला मुंबईच्या लोकलवाल्या एमआरव्हीसीची बहीण समजत होता. रेल्वेच्या लाइनी, पूल, बोगदे बांधून देणारी ही सरकारी कंपनी. म्हणून हा धागा. माझं मत आधीच सांगून टाकतो: महाग आहे, आणि थोडाथोडका नाही.

२०२२-२३ चा नफा १,४२१ कोटी, २०२३-२४ चा १,५७४ कोटी. वाढ ११ टक्क्यांच्या आसपास. भाव मात्र नऊपट. एकूण शेअर साधारण २०८.५ कोटी, म्हणजे शेअरमागे कमाई साडेसात रुपये. ६४७ ला पीई, म्हणजे भाव भागिले ही कमाई, निघतो ८६ च्या आसपास. सव्वा वर्षापूर्वी हाच शेअर दहाच्या पीईला पडून होता आणि कोणी ढुंकून बघत नव्हतं.

आता सगळ्यांच्या तोंडी असलेलं ऑर्डर बुक. हातात ८० हजार कोटींच्या वर कामं आहेत, कबूल. पण बाजाराने कंपनीची किंमत केलीय १ लाख ३५ हजार कोटी! हातातल्या सगळ्या कामांची बिलं आज वसूल झाली तरी एवढी रक्कम भरत नाही. त्यात शंभराच्या बिलात कंपनीच्या हाती राहतात सात रुपये. बाकी पोलाद, सिमेंट, पोटकंत्राटदार. म्हणजे ही सगळी कामं उरकली की नफा पावणेसहा हजार कोटी, तोही चार-पाच वर्षांत मिळून.

एक_लॉट

तुमच्यासारख्यांचं ऐकलं असतं तर मी आज हे लिहायला नसतो. एप्रिल २०१९ चा इश्यू, १९ रुपये, ७८० चा लॉट, पंधरा हजारांच्या आत. लिस्टिंगला काही नफा नाही. मार्च २०२० मध्ये तर भाव इश्यूच्याही खाली, घरी रोज टोमणे. आज त्याच लॉटचे पाच लाख दिसतात. जुलै २०२३ मध्ये सरकारने ११९ च्या तळभावाने ५.३६ टक्के हिस्सा विकला तेव्हाही हाच सूर होता, "सरकारच विकतंय म्हणजे टॉप आला". त्यानंतर वर्षभरात पाचपट.

तुम्ही भावाला झालेल्या नफ्याने भागताय, बाजार होणाऱ्या नफ्याला भाव देतो. अंतरिम अर्थसंकल्पात भांडवली खर्च ११.११ लाख कोटी, त्यात रेल्वेला अडीच लाख कोटींच्या वर. कंपनी गेल्या वर्षी नवरत्न झाली, म्हणजे सरकारी कंपन्यांतला वरचा दर्जा मिळाला. ऋषिकेश-कर्णप्रयाग ही १२५ किलोमीटरची लाइन बघा, बहुतेक बोगद्यांतूनच जाते. हिमालयात असं काम करणारे देशात किती जण आहेत? आणि कर्जाची भीती घालणाऱ्यांसाठी: आयआरएफसीकडून, म्हणजे रेल्वेसाठी पैसा उभा करणाऱ्या सरकारी कंपनीकडून, घेतलेलं कर्ज रेल्वे मंत्रालय फेडतं.

पोटकंत्राटदार

मी या कंपनीचं काम केलेलं नाही, पण पंचवीस वर्षं पूल आणि फलाट बांधतोय, म्हणून दोन शब्द.

आरव्हीएनएलला रेल्वेची कामं पूर्वी नॉमिनेशनवर मिळायची. टेंडर नाही, चढाओढ नाही. झालेला खर्च आणि वर ठरलेली फी. त्यात कंपनी मोठी होणार नाही, पण बुडणारही नाही. आता नवी कामं बोली लावून घ्यावी लागतात, आणि बोलीत काय चालतं ते माझ्याकडून ऐका. लिफाफे उघडले की दहा-बारा जण, एल-वन आणि एल-टू, म्हणजे सगळ्यांत कमी बोली आणि तिच्या वरची, यांत कधी अर्ध्या टक्क्याचा फरक. जो घेतो तो तोंडाला रुमाल लावून पेढे वाटतो. मग जमीन ताब्यात यायला आठ महिने, विजेचे खांब हलवायला चार. तोवर काँक्रीट कालवायचा बॅचिंग प्लांट गंजतो, ऑपरेटरचा पगार चालूच. एमबीत, म्हणजे मोजमापाच्या वहीत, नोंद झाल्याशिवाय बिल नाही, आणि बिल पास झालं तरी पाच टक्के रिटेन्शन म्हणून राखून ठेवलेले, अडकून. पेपरात मात्र "९०० कोटींचं काम मिळालं" अशी बातमी येते आणि दुपारपर्यंत शेअर आठ टक्के वर. आम्ही साइटवर हसतो.

सांगायचं एवढंच, की ऑर्डर बुक वाढतंय ते बोलीच्या बाजूने. तिथे सात टक्के टिकणार नाहीत.

एक_लॉट

मग एल अँड टी काय बोलीशिवाय कामं घेते?

आधी_नफा

बरं झालं नाव काढलंत. एल अँड टीचा गेल्या वर्षीचा नफा १३,०५९ कोटी, पीई ३८ च्या आसपास, आणि त्यात आयटी कंपन्यांची जाड मलई धरलेली. आरव्हीएनएलला उदार मनाने तेवढाच पीई देऊ, ३५ म्हणा. आजची किंमत योग्य ठरायला नफा हवा ३,८५० कोटी. गेल्या वर्षीच्या जवळजवळ अडीचपट. तो झाला तरी तुमचा भाव ६४७ च राहतो, एक रुपया वर नाही. आज घेणारा हेच विकत घेतोय.

लातूरकर

एक गोष्ट राहिली. आमच्या हरंगुळजवळची मराठवाडा रेल्वे कोच फॅक्टरी याच कंपनीने बांधली. डिसेंबर २०२० मध्ये तिथून पहिल्या डब्याचा सांगाडा बाहेर पडला तेव्हा फोटो स्टेटसला ठेवला होता. आता तिथेच वंदे भारत स्लीपरच्या १२० गाड्या बनायच्यात, रशियन कंपनीशी भागीदारीत, करार २०२३ चा. शेअरवाल्या ग्रुपवर हा आकडा असा फिरतो जणू सगळा पैसा आरव्हीएनएलच्या खिशात जाणार. अहो, भागीदारीत तिचा वाटा २५ टक्के! मी रोज त्या गेटावरून जातो. गाडी दिसली की इथे कळवतो.

आठचा_जखमी

जानेवारी २००८. रस्ते, वीज, विमानतळ सगळं करणार म्हणणारी एक कंपनी, नाव घेत नाही. तेव्हाही "देशाला रस्ते नकोत का?" असाच सवाल होता. देशाला रस्ते मिळाले. माझे शेअर आजही डीमॅटमध्ये आहेत, विकायला गेलं तर दलाली जास्त होईल.

एक_लॉट

काका, ती कर्जात बुडालेली खासगी कंपनी, हिच्यात ७२.८४ टक्के सरकार. तुलनाच चुकीची. बाजारात फिरायला शेअर थोडे, म्हणून भाव असा उसळतो, हे मान्य. पण थोडे शेअर म्हणजे विकणारेही थोडेच ना?

पोटकंत्राटदार

अरुंद दारातून आत जाताना गर्दी कळत नाही राव, बाहेर पडताना कळते.

आधी_नफा (जून २०२५)

धागा वर काढतोय, टोमणा मारायला नाही. २०२४-२५ चे आकडे आले: विक्री २१,८८९ कोटींवरून १९,९२३ कोटी, नफा १,५७४ वरून १,२८१. शेअर मध्यंतरी निम्म्याच्याही खाली जाऊन आला, आता चारशेच्या आसपास. गंमत बघा, भाव एवढा पडूनही पीई ६५ च्या घरात, कारण नफाही खाली आला. "स्वस्त झालाय" म्हणून टपरीवर पुन्हा विचारणा सुरू झालीय.

माझंही ऐका म्हणजे बरोबरी होईल. सरकारने २०२३ मध्ये हिस्सा विकला त्या ओएफएसमध्ये मला ११९ च्या आसपास मिळाले होते. १८० झाल्यावर "महाग झाला" म्हणून विकले.

एक_लॉट

हे तुम्ही गेल्या वर्षी का नाही सांगितलंत? ५९० ला अर्धे काढले मी, तुमचा ३,८५० कोटींचा हिशेब वाचून. उरलेले ३९० शेअर तसेच आहेत. बायको म्हणते सगळेच काढायचे होतेत.

लातूरकर

गाडी अजून दिसलेली नाही.