जुन्या ४०७ मधली आधीच्या मालकाची ‘कामं’ उलगडताना : अनुभव लिहा

धागाकर्ता

टाटा ४०७ ही मालाची छोटी गाडी बाजारात आली १९८६ साली. चौथ्या-पाचव्या मालकाच्या हातात पडेपर्यंत तिच्यात कंपनीपेक्षा मिस्त्र्यांचाच ऐवज जास्त झालेला असतो. हा धागा त्या ऐवजासाठी. गाडी कोणाकडून घेतली, किती पैसे गेले, दलाल काय बोलला, हे कृपया नको. कुठलं काम कसं ओळखायचं, कसं सोडवायचं, माप काय, पुन्हा कुठे चुकतं, एवढंच लिहा. ४०७ वरचं लिहिलंत तर उत्तम, बाकी पिकअप-ट्रकलाही ते बरंचसं लागू पडतं.

सुरुवात मी करतो. बघायला जाल तेव्हा इंजिन थंड पाहिजे. आधीच तापवून ठेवलं असेल तर चहा घ्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी या. डिपस्टिकवरचं तेल दोन बोटांत चोळून बघा. मधासारखी तार सुटत असेल तर धूर आणि टॅपेटचा आवाज दाबायला जाड तेल भरलंय. मागच्या ॲक्सलच्या हाऊसिंगचा (आतले गिअर झाकणाऱ्या गोळ्याचा) लेव्हल प्लग उघडून करंगळीने थोडं तेल काढा. त्यात लाकडाचा भुसा निघाला तर आतली दात्यांची जोडी, म्हणजे क्राऊन-पिनियन, गुरगुरते म्हणून तो घातलाय. भुसा आवाज खातो, दात वाचवत नाही.

रिंगपाना

ब्रेकपासून सुरुवात करा, इंजिन नंतर.

मागच्या एखाद्या चाकाचा व्हील सिलिंडर (ब्रेक ऑईलच्या दाबाने चाकातले लायनर ढकलणारा) गळायला लागला की तो बदलायचा सोडून नळीच्या तोंडात सायकलचा छर्रा घालतात आणि वरून नट आवळतात. कधी नळी दुमडून हातोडीने चेपतात. पॅडल मस्त कडक लागतं, गिऱ्हाईक खूश. ब्रेक तीन चाकांवर.

हे पकडायला चारही कोपरे घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घ्या. नुसत्या जॅकवर नको. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. एकाने पॅडल दाबून धरायचं, दुसऱ्याने एकेक चाक हाताने फिरवायचं. जे फिरलं तिथे छर्रा असेल, नाहीतर सिलिंडर गंजून जाम असेल. हवा काढायचं ब्लीडर निपल उघडून पॅडल दाबा. थेंबही आला नाही तर नळी आधी बघा. उलट, पॅडल सोडल्यावरही चाक धरून राहत असेल तर रबरी होज आतून सुजलेला असतो. बाहेरून तो नवाकोरा दिसतो.

मग ऑईल. पॅडलच्या मास्टर सिलिंडरच्या टाकीत ब्रेक ऑईलच आहे की कोणी इंजिनचं ओतलंय, हे कळायला काचेच्या ग्लासात पाणी घेऊन चार थेंब सोडा. ब्रेक ऑईल पाण्यात विरघळतं, खनिज तेल वर तरंगतं. तवंग आला की सगळी रबरं गेली म्हणून समजा. झाकणातलं रबर काढून बघा, फुगून परत खाचेत बसत नसेल. अशा वेळी एका सिलिंडरचं किट टाकून भागत नाही. मास्टर, सगळे व्हील सिलिंडर, सगळे होज बदला. लोखंडी नळ्या स्पिरिटने धुऊन हवेने कोरड्या करा आणि सीलबंद डब्यातलं डॉट ३ किंवा डॉट ४ भरा. अर्धा लिटरचे दोन डबे आणा, हवा काढताना बरंच वाया जातं. उघडा डबा पुढच्या वेळेसाठी ठेवू नका, ते हवेतली ओल शोषतं. हवा काढताना मास्टरपासून सगळ्यांत लांबचं चाक आधी आणि टाकी कधीही रिकामी होऊ द्यायची नाही, नाहीतर पहिल्यापासून.

तेलाने भिजलेले लायनर पेट्रोलने धुऊन किंवा जाळून परत लावतात. दोन दिवस बरे चालतात, तिसऱ्या दिवशी गरम झाले की आतलं तेल पुन्हा वर येतं. लायनर बदला आणि एकाच ॲक्सलच्या दोन्ही बाजूंना बदला. त्याआधी तेल आलं कुठून ते शोधा : हबचं सील की सिलिंडर. ड्रममधली धूळ हवा मारून उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसा.

पॅडल दगडासारखं असेल तर पायाचा जोर वाढवणारा बूस्टर बघा. इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा पॅडल मारा, पाय दाबून धरा, इंजिन चालू करा. पॅडल किंचित खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर व्हॅक्यूमची नळी बघा, मग आल्टरनेटर बघा. व्हॅक्यूम पंप आल्टरनेटरच्या मागे असलेल्या मॉडेलला कोणीतरी बिनपंपाचा स्वस्त आल्टरनेटर बसवून नळीला बूच मारलेलं असतं.

उद्यमनगर लेथ

वर हाऊसिंगचं बरोबर लिहिलंय. मी पुढच्या ॲक्सलचं लिहितो.

स्टिअरिंग थरथरतं म्हणून आधीच्याने टायरॉड एंड बदललेले असतात आणि खरा रोग किंगपिनमध्ये, म्हणजे पुढचं चाक ज्या उभ्या पिनवर वळतं तिच्यात असतो. चाक उचला, वर आणि खाली धरून हलवा. ढिलं लागलं की दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ढिलाई गेली तर हबचं बेअरिंग, तशीच राहिली तर किंगपिन-बुश. एवढ्या एका परीक्षेत निम्मा खर्च वाचतो.

किंगपिन काढलात की बुशच्या आत बहुतेक वेळा तेलाच्या डब्याचा कापलेला पत्रा गुंडाळलेला सापडतो. पत्रा महिनाभरात चुरतो आणि त्याचा कचरा ग्रीसमध्ये मिसळून पिनच घासायला लागतो. नवे बुश दाबून बसवल्यावर वरचा आणि खालचा एकाच लांब रीमरने, एका रेषेत रीम करून घ्या. वेगवेगळे केले तर पिन तिरकी बसते आणि स्टिअरिंग जड होतं. बुशमधलं ग्रीसचं भोक निपलसमोर आलंय ना, तारेने बघा. ही चूक नव्या कामातही सर्रास होते : निपलला गन लावली तर ग्रीस जातच नाही, आणि दोष बुशच्या कंपनीला. ग्रीस भरताना चाक अधांतरी ठेवा, दोन्ही टोकांतून ताजं ग्रीस बाहेर येईपर्यंत.

आता इंजिनच्या हेडबद्दल. ४०७ मधलं ४९७ इंजिन म्हणजे ४ सिलिंडर, ९७ मिमी बोअर. स्ट्रोक १०० मिमी, म्हणून २९५६ सीसी. हेड पॅकिंग (हेड आणि ब्लॉकमधलं गॅस्केट) वारंवार उडत असेल तर पॅकिंगची कंपनी बदलू नका. हेडवर सरळ पट्टी ठेवा, लांबीत, रुंदीत आणि दोन्ही तिरक्या रेषांत, आणि खालून ०.०५ मिमीची फीलर पाती घालून बघा. आरपार गेली तर प्लेनिंग, म्हणजे मशिनवर सपाट करणं. पण आधीच दोनतीनदा प्लेनिंग झालेलं असतं, त्यामुळे हेडची जाडी मोजल्याशिवाय मशिनवर चढवू नका. जास्त उतरलं की व्हॉल्व्ह पिस्टनला भेटायला येतात. फिटिंगच्या वेळी ब्लॉकमधल्या बोल्टच्या भोकांतलं तेल-पाणी हवेने काढा. तळाशी तेल राहिलं तर टॉर्क पाना ‘टक्’ म्हणतो, बोल्ट मात्र आवळलेला नसतो. कधी ब्लॉकच तडकतो. आवळायला मधून बाहेर, तीन टप्प्यांत.

हौदा ते हेडलाईट

वायरिंग. निम्म्या गाड्यांत फ्यूजबॉक्समध्ये फ्यूजऐवजी तांब्याची तार किंवा सिगारेटची चांदी असते. ती दिसली की लगेच फ्यूज घालून मोकळं होऊ नका. तार का घातली, तर फ्यूज उडत होता. म्हणजे कुठेतरी वायर खरचटून चॅसिसला लागते. बहुतेक ते ठिकाण हौद्याखाली, क्रॉस मेंबरच्या भोकात असतं, जिथलं रबरी ग्रोमेट कधीच पडलेलं असतं.

हेडलाईट मंद म्हणून १०० वॅटचे बल्ब टाकलेले असतात. हिशेब करा : ५५/६० वॅटचे दोन बल्ब १२ व्होल्टला मोठ्या दिव्यावर १० अँपिअर घेतात, १०० वॅटचे दोन जवळजवळ १७. सगळं त्याच जुन्या स्विचमधून. स्विच वितळतो, मग डॅशबोर्डवर घरातला टॉगल येतो. खरं दुखणं व्होल्टेज वाटेत मरणं हे असतं. दीड चौरस मिमीच्या वायरमधून १० अँपिअर पाच मीटर नेले की ०.६ व्होल्ट वाटेतच जातात. चार चौरसने पाव व्होल्टच्या आत. बल्ब ६० चेच ठेवा, बॅटरीवरून चार चौरसची वायर, ३० अँपिअरचा रिले (छोट्या करंटने मोठा चालू-बंद करणारा स्विच), डाव्या-उजव्याला वेगळा १५ चा फ्यूज. स्विचने फक्त रिले उचलायचा.

अर्थिंग विसरू नका. इंडिकेटर लावल्यावर टेललाईट लुकलुकत असेल तर त्या दिव्याची अर्थ गेलीय, फ्लॅशर बदलू नका. सेल्फ मारताना क्लच किंवा ॲक्सिलरेटरची केबल गरम होत असेल तर इंजिन-चॅसिसमधली अर्थपट्टी नाही. सेल्फचा करंट केबलमधून घरी जातो! पट्टी बसवताना रंग खरवडून पांढरं लोखंड काढा, दातेरी वॉशर, आवळणं, मग वरून ग्रीस. आधी ग्रीस नाही.

मीठनीर

पाटे (पानांच्या स्प्रिंगा) आणि चॅसिस. दोन्ही एकत्रच बघा, कारण एकातूनच दुसरं निघतं. मागे पाटा बसला म्हणून जास्तीचं पान घालतात. गाडी उंच दिसते, रिकामी असताना उड्या मारते आणि तो मार चॅसिसला बसतो. तडा बहुधा मागच्या हँगर ब्रॅकेटच्या पुढे किंवा मागे, चॅनलच्या (चॅसिसच्या लांब तुळईच्या) खालच्या ओठावर सुरू होतो. मग मिस्त्री त्यावर चौकोनी प्लेट ठेवून चहूबाजूंनी वेल्ड मारतो, आणि सहा महिन्यांत प्लेटच्या कडेलगत नवा तडा. उभी वेल्डची रेघ म्हणजे चॅनलला ‘इथे तूट’ सांगण्यासारखं.

जुनी प्लेट ग्राइंडरने काढा. तडा दिसेना तर रॉकेलने पुसा, कोरडं करा आणि खडू फासा, तडा काळ्या रेघेने वर येतो. तो जिथे संपतो तिथे ६ मिमीचं भोक मारा. पूर्ण तडा व्ही आकारात उघडा. वेल्डिंगचा ७०१८ रॉड वापरा आणि तो भट्टीत वाळवलेलाच. पावसाळ्यात उघड्या पुड्यातला रॉड म्हणजे वेल्डमध्ये हायड्रोजन, म्हणजे परत तडा. बॅटरी आणि आल्टरनेटरच्या वायरी सोडा. वेल्डिंगची अर्थ त्याच चॅनलला, कामाच्या हातभर अंतरावर. ती चाकाला लावली तर करंट बेअरिंगमधून जातो आणि गोट्यांना खड्डे पडतात. वेल्ड ग्राइंडरने सपाट केल्यावर आतून प्लेट : जाडी चॅनलइतकीच, जास्त नाही, दोन्ही टोकं ४५ अंशात निमुळती. वेल्ड फक्त लांबीच्या दिशेने, ओठाच्या कडेला हात लावायचा नाही.

चॅसिस नंबर कोरलाय त्या भागात ग्राइंडर फिरवू नका. तडा तिथेच असेल तर काम सुरू करण्याआधी आरटीओत लेखी विचारा.

पाट्याचं तुटलेलं पान वेल्ड करून चालत नाही, स्प्रिंगचं पोलाद तापलं की शेजारी ठिसूळ होतं. जास्तीचं पान काढल्यावर गाडी एका बाजूला कलली तर शेकलची पिन-बुश आणि सेंटर बोल्ट बघा. दोन्ही बाजूंना पुढच्या हबपासून मागच्या हबपर्यंत टेप लावा, चाकं सरळ ठेवून. फरक आला तर सेंटर बोल्ट तुटून ॲक्सल सरकलाय. यू-बोल्ट नवेच घ्या, गाडी चाकांवर उभी करून फुलीच्या क्रमाने आवळा आणि ५०० किलोमीटरनंतर परत.

रिंगपाना

मीठनीर दादा, पाचशे किलोमीटर म्हणजे फार झालं. घाटात माल घेऊन जाणाऱ्या गाडीला पहिल्या फेरीनंतरच पाना लावायचा, पाट्याच्या नव्या पानांमधला रंग चेपला की यू-बोल्ट ढिले होतात.

मीठनीर

मान्य. पानांमध्ये रंग लावूच नका, ग्रॅफाइट ग्रीस लावा.

पत्रा-पुट्टी

केबिनचं थोडक्यात. लोहचुंबकाला पातळ कापड बांधून दरवाज्याच्या खालच्या पट्ट्यावर, पायरीवर, काचेच्या रबराखाली फिरवा. चुंबक सुटला तर आत लांबी, म्हणजे पुट्टी. दोन-तीन मिमीपेक्षा जाड लांबी थरथरीने फुटणारच. खरवडा, गंज कापा, १८ गेजचा पत्रा जोडा, झिंक प्रायमर, मग लांबी. पायाखालच्या फ्लोअरवर डांबर ओतलेलं असेल तर ते काढल्याशिवाय बोलूच नका.

नवा वाचक

थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच पाणी रेडिएटरकडे सोडणारा) काढलेला आहे. मिस्त्री म्हणतो आपल्या हवेत गरज नाही. आणि रेडिएटरचं पाणी पिवळं आहे, तो गंज का?

उद्यमनगर लेथ

पिवळं असेल तर वास घ्या, हळद असेल! गळती बंद करायला टाकतात. बारीक भोक बुजतं खरं, पण खालच्या नळ्यांत गाळ बसतो आणि खंबाटकी घाट चढताना तापमानाचा काटा वर. पितळी रेडिएटर असेल तर टाकी उघडून नळ्यांत पट्टी फिरवून घ्या. ब्लॉकचा ड्रेन प्लग काढा. पाणी आलं नाही तर आत तार घाला, गंजाचा चिखल असतो.

थर्मोस्टॅट परत घाला. तो नसेल तर सपाटीवर इंजिन गारच राहतं, डिझेल नीट जळत नाही, तेल खराब होतं. आणि बरंचसं पाणी रेडिएटरकडे न जाता बायपासमधून फिरतं, म्हणून चढावर उलट तापतं. बसवण्याआधी पातेल्यात दोऱ्याने टांगा, बुडाला टेकू नका, थर्मामीटर ठेवा. त्याच्यावर कोरलेल्या अंशाच्या आसपास उघडला पाहिजे. मग कूलंट आणि शुद्ध पाणी निम्मं-निम्मं. मात्र आधी एक बघा : रात्रभर थंड झालेलं इंजिन चालू केल्यावर मिनिटभरात वरचा होज कडक झाला तर हवा सिलिंडरमधून येते. थर्मोस्टॅट काढण्याचं खरं कारण तेच असतं, तेव्हा हेडपासून सुरुवात.

कागदवाला

सामान उतरवण्याआधी कागद. बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५, नावावर करायला २९ आणि ३०, दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर २८ ची एनओसी. हौदा लांबवलेला असेल तर आरसीतल्या मापाशी टेप लावून ताडा, फिटनेसला तिथेच अडकतं. आठ वर्षांवरच्या गाडीला फिटनेस दरवर्षी. परावर्तक पट्ट्या पुढे पांढऱ्या, मागे लाल, बाजूला पिवळ्या.

नवा वाचक

धन्यवाद काका. शेवटचं : डिझेल टाकीच्या जोडाला साबण लावलाय, तो तसाच ठेवू का?

रिंगपाना

नको. साबण गळती धरतो, पण सुटून आत गेला की फिल्टर चोंदतो आणि गाडी मध्येच डिझेलच्या नळीत हवा घेते. तुम्ही पंप खोलाल, पंपाचा दोष नसेल. टाकी उतरवा. जोड गंजला असेल तर दुसरी टाकी बघा, कुर्ल्याला सीएसटी रोडवर किंवा पुण्यात नाना पेठेत मिळते. रिकाम्या टाकीला वेल्डिंग अजिबात लावू देऊ नका, ती वाफेने फुटते. परत बसवताना बँजो बोल्टला (डिझेलची नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टला) दोन्ही बाजूंना नवे तांब्याचे वॉशर घ्या. नसतील तर जुने गॅसवर लाल करून पाण्यात टाका, मऊ होतात, एकदा चालतात. इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलखाली मात्र एकच वॉशर. आधीच्याने दोन घातले असतील, काढताना मोजा.