चलती आणि अंदाज
'परराष्ट्र धोरणाच्या तज्ज्ञांना आधीच सगळं दिसत असतं' असं म्हणतात, ते काही मला पटत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशिया युक्रेनवर नुसता दबाव आणतोय, हल्ला करणार नाही, असं छातीठोकपणे सांगणारे कमी नव्हते. मग हल्ला झाल्यावर राजधानी कीव्ह तीन दिवसांत पडेल असा सूर लागला!

फिलिप टेटलॉक या मानसशास्त्रज्ञाने २८४ तज्ज्ञांची ८० हजारांहून जास्त भाकितं जवळपास वीस वर्षं नोंदवून ताडून पाहिली. २००५ मध्ये निष्कर्ष आले: माध्यमांत ज्यांची चलती जास्त, त्यांचे अंदाज जास्त चुकले. 'पण', 'कदाचित' म्हणणारे त्यातल्या त्यात बरे निघाले. असा माणूस आपल्याकडे रात्री नऊच्या चर्चेत, आठ चौकटींच्या गर्दीत बसवला, तर त्याचं दुसरं वाक्य तरी पूर्ण होईल का?